रक्तदाब कोण सांभाळतं: मज्जातंतू की मूत्रपिंड?

आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा साधारण ५०० ते ८०० मिली रक्त पाय आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब पडू लागतो. गळ्यातल्या कॅरोटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीतले दाबसंवेदक कमी ताणले जातात, मेंदूच्या तळाकडे जाणारे त्यांचे संदेश मंदावतात आणि काही सेकंदांत नाडी वाढते, धमन्या आवळतात.

मूत्रपिंडाचं काम संथ. दाब पडला की ते रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) रक्तात सोडतं, त्यामुळे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकरवी मीठ-पाणी राखून ठेवतं. पूर्ण परिणामाला तास, कधी दिवस लागतात.

पण कायमच्या उच्च रक्तदाबात खरं वजन मूत्रपिंडाचंच. दाबसंवेदक एक-दोन दिवसांत चढलेल्या दाबालाच सरावतात आणि तोच राखू लागतात. म्हणून मीठ कमी करणं इतकं महत्त्वाचं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी दाब चढतो, तोही बराचसा मूत्रपिंडात मीठ अडल्यामुळे.

मज्जातंतूंचा मार्ग बिघडतो तो अनेकदा जुन्या मधुमेहात. तपासायचं असेल तर ५ मिनिटं आडवं झोपून दाब मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.