स्लाइडशो की सगळे फोटो एकाच पानावर?

स्लाइडशोत क्रम दाखवणाऱ्याच्या हातात असतो. आधी मिटलेली मूठ, मग उघडलेली, मग तळहातावरचं इवलंसं बी. हेच तीन फोटो शेजारीशेजारी लावले, की पहिल्याच नजरेत गुपित फुटतं. कोडॅकच्या १९६१ सालच्या कॅरोसेल प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड, म्हणजे फिल्मवरचे छोटे फोटो, बसायच्या, आणि स्लाइड बदलताना दोन चित्रांमधला तो क्षणभराचा अंधार मला फार मोलाचा वाटतो. डोळ्यांना तेवढी उसंत हवीच.

पण ४० फोटोंतून एक निवडायचा असेल, तर सगळे एकाच पानावर बरे. तिथे तुलना चटकन होते.

आपोआप सरकणारा स्लाइडशो मात्र नको. फोटोखालची ओळ अर्धी वाचून होते तोच चित्र निघून जातं. निदान थांबवायचं बटण तरी द्या.