साखरपुड्याच्या अंगठीत खडा कोणता: मोइसनाईट की पुखराज?

हिरा घ्यायचा नाही, एवढं ठरवून जळगावच्या सराफ बाजारात शिरलात, की फिरून फिरून गोष्ट दोन खड्यांवर येते. पांढराशुभ्र, लखलखणारा मोइसनाईट (प्रयोगशाळेत बनवलेला, हिऱ्यासारखा दिसणारा सिलिकॉन कार्बाइडचा खडा), नाहीतर पिवळा पुखराज. आम्ही साखरपुड्याला मोइसनाईट घेतला आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो काढून पुखराज बसवला. दोन्ही एकाच बोटात वापरून झालेत, म्हणून लिहितोय.

अमेरिकन डायमंड मी यात धरत नाही. तो या दोघांपेक्षा मऊ असतो, रोजच्या वापरात हळूहळू त्याच्या कडा बोथट होतात. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याची गोष्ट वेगळी. तो हिराच असतो, आणि भुसावळहून सुरत काही लांब नाही. ज्यांना हिराच हवाय, फक्त खाणीतला नको, त्यांनी तो बिनधास्त घ्यावा. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत बरेच उतरलेत, तेव्हा मोडायला गेल्यावर सोन्यासारखे पैसे येतील असं धरून चालू नका.

मजबुतीचा प्रश्न या दोघांत फारसा नाहीच. मोह्सच्या दहापर्यंतच्या मापावर मोइसनाईटचा कठीणपणा ९.२५, पुखराजाचा ९. भाकरी थापणाऱ्या हाताला हा फरक कळत नाही. चमकेत मात्र मोइसनाईट कितीतरी पुढे. प्रकाशाचे रंग फोडण्याची त्याची ताकद हिऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. अमळनेरला साखरपुड्याच्या सकाळी मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली आणि होणाऱ्या बायकोच्या हातावरून निळे-तांबडे ठिपके थेट चुन्याच्या भिंतीवर पडले. लहान पोरं ते पकडायला धावली होती. त्या दिवशी मला वाटलं, याच्यापुढे दुसरा खडा बघायचीही गरज नाही.

त्रास सुरू झाला तो लोकांच्या विचारण्याचा. बारसं असो, हळद असो की हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी, कुणीतरी काकू तिचं बोट धरून उजेडाकडे वळवायची. "माय वं, हिरा शे का हाऊ?" आपल्या भागात सोन्या-नाण्याची नजर सगळ्यांनाच असते, आणि विचारण्यात वाईट काही नसतं. पण उत्तर काय द्यायचं? हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर मोइसनाईट म्हणजे काय ते सांगत बसायचं, आणि एवढं सांगूनही जेवणाची पंगत उठेपर्यंत "खोटा हिरा आहे" एवढंच चार जणींपर्यंत पोचलेलं असायचं. माझ्या बायकोला खोटं बोलायला जमत नाही. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की कार्यक्रमाला जाताना ती अंगठी फिरवून खडा तळहाताच्या बाजूला घेते आणि मूठ अर्धवट मिटून बसते.

मग आला मे महिना. उन्हाने बोटं फुगली, अंगठी रुतायला लागली, म्हणून माप वाढवायला सराफाकडे नेली. पावती करताना त्याने खड्यावर हिरा ओळखायचा टेस्टर टेकवला आणि तो वाजला. "हिरा आहे ताई, लिहून घेतो." ती म्हणाली, "नाही दादा, मोइसनाईट आहे." त्याने पुन्हा टेकवला, पुन्हा वाजला. कारण साधं आहे. असा टेस्टर खड्यातून उष्णता किती पटकन वाहते ते बघतो, आणि मोइसनाईट त्यात हिऱ्याच्या जवळपास जातो. दोघांतला फरक ओळखायला विजेवर तपासणारं दुसरं यंत्र लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. शेवटी पावतीवर "पांढरा खडा" असं लिहिलं गेलं. ज्यांच्या नावावरून या खड्याला नाव मिळालं, त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनीसुद्धा १८९३ मध्ये उल्केच्या तुकड्यात हे कण सापडल्यावर ते आधी हिरेच समजले होते. खड्याचा यात काही दोष नाही. पण त्याच्याकडे बघून प्रत्येकाला दुसऱ्याच कशाची तरी आठवण होते, आणि मला ते सोसेना. त्याच दुकानात आम्ही दुसरा खडा बघायला लागलो.

आधी नीलम बघितला. घरात नाव काढताच आईचा चेहरा उतरला. शनीचा खडा, आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघा, वगैरे. पुखराजाला तो अडथळा नाही. गुरूचा खडा आणि लग्नाच्या गोष्टीत गुरुबळ, म्हणून मोठी माणसं उलट खूश. खरं तर दोन्ही खडे एकाच जातीचे, कुरुंदाचे. माणिकही त्यातलाच. फरक फक्त रंगाचा.

पुखराजाची उणी बाजूही सांगतो. तो मोइसनाईटसारखा झगमगत नाही, आणि कणीक मळून झाली की तेलाचा हात लागून मंद दिसतो. आठवड्याला कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश एवढं करावंच लागतं. म्हणून आम्ही कोंदण मागून उघडं ठेवलं, म्हणजे ब्रश आतपर्यंत जातो. मोठी माणसंही त्यावर समाधानी, कारण खडा कातडीला टेकायला हवा असं ती मानतात. वजनाला पुखराज जड असतो, त्यामुळे तेवढ्याच कॅरेटचा खडा मोइसनाईटपेक्षा लहान दिसतो. रत्तीचा आकडा ऐकून ठरवू नका, बोटावर ठेवून बघा.

फसगत होते ती खरेदीत. सुनेला (सिट्रिन) नावाचा खडा किंवा पिवळा टोपाझ पुखराज म्हणून पुढे केला जातो. पुखराज म्हणजे पिवळा सफायर, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर नैसर्गिक सफायर असं लिहिलेलं बघा. तापवून रंग खुलवलेला असेल तर बिघडत नाही, ती जुनी रीत आहे, पण तसं कागदावर असावं. बेरिलियमची प्रक्रिया केलेला (तापवताना बेरिलियम आत मुरवून रंग आणलेला) असेल तर भाव बराच कमी हवा. आणि खडा दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नका, दारात उजेडात आणून बघा.

ज्याला लखलखाटच आवडतो आणि लोकांच्या विचारण्याने काही वाटत नाही, त्याने मोइसनाईट जरूर घ्यावा. पैसेही वाचतील. आमच्याकडे पुखराजाला तीन वर्षं होत आली. हळदीच्या रंगाचा खडा पिवळ्या सोन्यात. आता काकू बोट धरते आणि स्वतःच म्हणते, "पुखराज शे ना?" बायको हो म्हणते. फार तर तर्जनीत का नाही घातला, एवढं विचारतात.

माप मात्र उन्हाळ्यात, संध्याकाळच्या वेळी द्या. आम्ही पहिलं डिसेंबरात दिलं होतं.