अपघाताची भरपाई: हातातले अडीच लाख, तडजोड की दावा?

गोव्यात रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसापुढे भरपाईचे तीन मार्ग असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खालची ठरलेली रक्कम घ्यायची, विमा कंपनीशी तडजोड करायची, नाहीतर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शेवटपर्यंत लढायचं. चौथाही एक आहे, पण तो कायद्यातला नाही. पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून समोरच्या गाडीवाल्याकडून वीस-पंचवीस हजार घ्यायचे आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. त्याची तुलनाही करायला नको. लिहून देऊ नका.

कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, १ एप्रिल २०२२ पासून. ‘गंभीर’ म्हटलं की लोकांना आयसीयू आठवतं, पण कायद्याला मोडलेलं किंवा निखळलेलं हाडही पुरतं. मेख वेगळीच आहे. कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोडीच्या, पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा तुमचा दावा संपतो. आता अडीच लाख घेऊ, उरलेले मागाहून मागू, असं चालत नाही.

मग अडीच लाख कमी की पुरेसे? समजा, पणजीतल्या एका कारकुनाचं मनगट मोडलं. उपचार गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात झाले, हाड नीट जुळलं, पगार चालू राहिला. वेदना, येण्याजाण्याचा खर्च, वाया गेलेली रजा असं सगळं मिळून त्याचा आकडा अडीच लाखांच्या पुढे जाणं कठीण. त्याने पैसे घ्यावेत आणि मोकळं व्हावं. आता फोंड्याचा एक टॅक्सीवाला घ्या. वय ३५, महिन्याची कमाई २५,०००. मांडीत रॉड घातलाय, गुडघा पुरता वाकत नाही, तासाभरापेक्षा जास्त गाडी चालवली की पाय सुजतो. त्याची कमावण्याची ताकद १५ टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर वर्षाचे ४५,००० झाले. या वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयावरून ठरलेला आकडा) १६, म्हणजे ७,२०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १०,०८,०००. उपचार, बुडालेले महिने आणि वेदना अजून धरलेल्याच नाहीत. अपघातात एक तृतीयांश चूक त्याची ठरली, तरी यातले ६,७२,००० उरतात. अशा माणसाने अडीच लाखांवर सही करणं म्हणजे धडधडीत तोटा.

यातला १५ टक्के हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मेडिकल बोर्डाच्या दाखल्यावर ‘डाव्या पायाचं ४५ टक्के अपंगत्व’ असं येतं, तो एका अवयवाचा हिशेब. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की बघायचं ते त्या माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला हे. तोच गुडघा कारकुनाला फारसा नडणार नाही, टॅक्सीवाल्याला जन्मभर नडेल. म्हणून दाखल्यासोबत आपण काय काम करतो याचाही पुरावा लागतो. टॅक्सीचा परवाना, बॅज, बँकेचं पासबुक, आयकर भरत असाल तर त्याची विवरणपत्रं.

अडचण वेळेची आहे. अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्याशिवाय मिळत नाही, आणि दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय खरं, पण त्या भरवशावर राहू नये. अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि पोलिसांच्या अहवालालाच दावा मानायची कायद्यात सोय आहे. तरी स्वतःचा अर्ज टाकाच. दाखला मागाहून जोडता येतो, आणि मागितल्यापेक्षा जास्त रक्कम देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. आधी दावा, मग तडजोडीची बोलणी, हा क्रम उलटा झाला की माणूस अडतो. चतुर्थी तोंडावर आणि घरात महिना-दोन महिने कमाई नाही, अशा वेळी समोर ठेवलेला चेक फार मोठा दिसतो.

तडजोड वाईट असते असं मात्र नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेला प्रस्ताव न्यायाधिकरणासमोरच नोंदवला जातो. पटला तर ती नोंद कंपनीकडे पोचल्यापासून ३० दिवसांत पैसे, नाही पटला तर सुनावणी लागते. नाकारल्याने काही बिघडत नाही. तडजोडीने प्रकरणं मिटवणाऱ्या लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे कंपनी प्रकरण पर्वरीला उच्च न्यायालयात नेऊन अडकवू शकत नाही. दाखला हातात असेल आणि वर केला तसा हिशेब कागदावर मांडलेला असेल, तर बहुतेकांना मी लोकअदालतच सुचवीन. पूर्ण लढाईत वर्षं जातात. व्याज मिळतं, पण घरखर्च व्याजाची वाट बघत नाही. हिशेब आणि प्रस्ताव यांत मोठी दरी असेल तरच लढा.

कुठलाही मार्ग घ्या, पहिल्या दिवशीचा कागद शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबतचा घाबरलेला भाऊ सांगतो, ‘स्कूटरवरून पडला.’ एमएलसीत, म्हणजे पोलीस प्रकरणासाठी इस्पितळात होणाऱ्या नोंदीत, तेवढंच लिहिलं जातं, आणि कंपनीचा वकील म्हणतो, हा तर स्वतःच पडला, आमच्या गाडीचा संबंध काय? ‘मागून गाडीने ठोकर दिली’ हे तिथेच लिहून घ्यायला लावा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. हेल्मेट होतं का, हेही नोंदलेलं बरं. गोमेकॉत बिल फारसं होत नाही म्हणून लोक कागद फेकून देतात. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या, बांबोळीच्या फेऱ्यांचं टॅक्सीभाडं, सगळं जपा. मेडिक्लेमने बिल भरलं तरी ती रक्कम भरपाईतून कापायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलंय, आणि ते गोव्यालाही लागू आहे.

ठोकर देणारी गाडी पर्यटकाच्या हातात असेल तर नंबरप्लेटचा फोटो काढाच. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती रीतसर भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने दिलेली निघाली, की कंपनी पॉलिसीच्या अटी मोडल्याचं कारण पुढे करते. म्हणून घाबरून रक्कम खाली आणू नका. अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम न्यायाधिकरण देऊ शकतं. गाडी सापडलीच नाही तर मात्र हिट अँड रन योजना, गंभीर दुखापतीला फक्त ५०,०००.

दावा गोव्यातच करायला हवा असं नाही. बांदा-सावंतवाडीकडचा माणूस म्हापशात जखमी झाला तर तो स्वतःच्या जिल्ह्यातही करू शकतो. वकील भरपाईचे टक्के मागत असेल तर दुसरा बघा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. महिलांना, अपंगांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते.