जाड्या-रड्याचा ब्लू-रे संच: पियानो, पायऱ्या आणि क्रीम पाई

जाड्या-रड्या म्हणजे जुन्या हॉलिवूडची विनोदी जोडी, जाडा हार्डी आणि सडपातळ लॉरेल. त्यांच्या चित्रपटांचा ‘लॉरेल अँड हार्डी: द डेफिनिटिव्ह रिस्टोरेशन्स’ हा चार डिस्कचा संच २०२० साली अमेरिकेत निघाला. त्यात पूर्ण लांबीचे दोन चित्रपट, १७ लघुपट आणि रँडी स्क्रेटवेट व रिचर्ड बॅन या दोन अभ्यासकांची, चित्र चालू असताना ऐकायची कॉमेंट्री आहे. यातलं बरंचसं नेटवर फुकट बघायला मिळत असताना पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. जाड्या-रड्याचं काम भुवया, बोटं आणि टाचा यांवर चालतं, आणि धुरकट प्रिंटमध्ये आधी तेच गायब होतं. इथे मूळ ३५ एमएम साहित्यावरून चित्र नव्याने घेतलंय. त्यामुळे हशा येतोच, शिवाय तो बांधलाय कसा तेही दिसतं.

त्यासाठी सरळ ‘द म्युझिक बॉक्स’ लावावा. १९३२ सालचा, जेम्स पॅरट यांनी दिग्दर्शित केलेला, जेमतेम अर्ध्या तासाचा हा लघुपट. विनोदी लघुपटांसाठीचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं ते याला. गोष्ट दोन ओळींची आहे: पियानो भरलेलं लाकडी खोकं लांबलचक पायऱ्यांच्या वर असलेल्या घरात पोचवायचं. पायऱ्या खऱ्या आहेत, लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात, व्हेंडोम स्ट्रीटवर, एकूण १३३. घर मात्र तिथलं नाही. ते कल्व्हर सिटीत, हे लघुपट बनवणाऱ्या हॅल रोच स्टुडिओच्या आवारात उभं केलं होतं. पायऱ्या संपतात तिथे एक कट येतो आणि आपण काही मैल लांब जातो. चित्र इतकं स्वच्छ असूनही हा सांधा खटकत नाही, कारण तोवर नजर खोक्यावरून हटतच नाही.

पहिला विनोद पायऱ्या चढण्याआधीचा आहे आणि सगळ्या लघुपटाची रीत त्यात कळते. घोडागाडी उभी आहे. हार्डी पाठ वाकवून गाडीला टेकून उभा, लॉरेल वरून खोकं त्याच्या पाठीवर सरकवतोय. भार नीट बसला असं वाटतं न वाटतं तोच घोडी चार पावलं पुढे जाते आणि हार्डी खोक्याखाली सपाट. इथे क्रम बघा. आधी काम नीट दाखवलंय, मग ते जमत आलेलं दाखवलंय, आणि बिघाड शेवटी. आपल्याकडच्या बऱ्याच धडपडीच्या विनोदात माणूस पहिल्याच सेकंदाला पडतो. तो काय करायला निघाला होता हेच कळलेलं नसतं, मग पडल्याचं काय कौतुक?

पायऱ्यांवरचे बरेच महत्त्वाचे शॉट लांबून घेतलेत. दोन माणसं, खोकं आणि खालचा रस्ता एकाच चौकटीत. खोकं निसटलं की ते किती खाली जाणार हे आपल्याला दिसत असतं, त्यासाठी कट लागत नाही. तोच उतार जवळच्या पाच-सहा तुकड्यांत दाखवला असता तर अंतर मेलं असतं आणि अंतराबरोबर विनोदही. आवाजाचंही काम मोठं आहे. प्रत्येक पायरीला आतून तारांचा झणझणाट येतो, त्यामुळे खोकं बंद असूनही आत पियानोचं काय होतंय ते आपण ऐकत राहतो. वजन मात्र अंगातून येतं: हार्डीचे गुडघे आणि लॉरेलने मागे रेललेलं शरीर हे दोन्ही जवळून बघण्यासारखं आहे.

नुसतं चढणं-घसरणं किती वेळ चालेल? म्हणून दर फेरीला अडवणारं माणूस बदलतं. आधी बाबागाडी घेऊन उतरणारी दाई, मग तिच्या तक्रारीवरून आलेला पोलीस, मग बिली गिल्बर्टचा तापट प्रोफेसर, ज्याची उंच टोपी घरंगळत खाली जाऊन गाडीखाली चपटी होते. एकदा तर खोकं हार्डीलाच फरफटत खाली नेतं. आणि सगळी हमाली झाल्यावर पोस्टमन सांगतो, अहो, मागून गाडीरस्ता आहे. यावर दोघं काय करतात? पोचलेलं खोकं पुन्हा पायऱ्यांवरून खाली आणतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर नेतात! पटकथेतली ही सर्वांत हुशार जागा. मूर्खपणालाही आतून पक्कं तर्कशास्त्र लागतं.

घरात शिरल्यावरचा भाग थोडा सैल आहे. दोर-कप्पी लावून खोकं वरच्या खिडकीतून आत घेण्याचा प्रकार लांबलाय. पण पियानो सुरू झाला की दोघं पसारा आवरता आवरता जो नाच करतात त्याला तोड नाही. आपोआप वाजणाऱ्या त्या पियानोचं वादन प्रत्यक्षात मार्विन हॅटली या संगीतकाराचं आहे.

एक गोष्ट नव्या प्रेक्षकाला खटकेल: प्रत्येक आपटीनंतर हार्डी कॅमेऱ्याकडे बघत बसतो, तेही बराच वेळ. रोच स्टुडिओत लघुपट आधी थिएटरात लोकांना दाखवून, हशा कुठे आणि किती वेळ येतो ते पाहून कापत. पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून ही जागा सोडलेली आहे. मोबाइलवर एकट्याने पाहिलं तर ती रिकामी वाटते. चार माणसं जमवून पाहा, बरोबर भरते.

संचातलं दुसरं मोलाचं रत्न १९२७ सालचा मूकपट, ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’. त्यातल्या मारामारीत क्रीम भरलेल्या सुमारे ३००० पाई फेकल्याचं सांगितलं जातं. कित्येक वर्षं त्याचे तुकडेच माहीत होते. दुसरं रीळ जवळजवळ पूर्ण स्वरूपात सापडल्याची बातमी आली २०१५ साली. सलग पाहिल्यावर गैरसमज दूर होतो. ही काही एकदम उसळलेली धुमश्चक्री नव्हे. केळीच्या सालीवरून पाईवाला घसरतो, मग एकाची एकाला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि बराच वेळ प्रत्येक पाईला मारणारा, नेम, चुकणं आणि नवा बळी असा स्वतंत्र हिशोब आहे. अभिनेत्री अनिता गार्विन पाईवर बसते तो क्षण नक्की बघा: उठून, शक्य तितक्या इभ्रतीने एक पाय झटकते आणि चालू लागते. आरडाओरड नाही, काही नाही. मधला थोडा भाग अजून मिळालेला नाही. तो स्थिरचित्रं आणि मजकुराच्या पाट्यांनी जोडलाय, तेव्हा डिस्क बिघडली असं समजू नका.

स्वच्छ चित्राचा तोटाही आहे. ‘काउंटी हॉस्पिटल’च्या शेवटी मोटार रस्त्यावर गिरक्या घेते, ती स्टुडिओत मागच्या पडद्यावर रस्ता दाखवून केलेली. पूर्वी धुरकटपणात खपून जायचं, आता अगदीच खोटं दिसतं. धोका नसला की हसूही येत नाही. त्याच्याच पुढे-मागे ‘हॉग वाइल्ड’ लावा. १९३० सालचा, धावत्या गाडीवर उभी शिडी, शिडीवर हार्डी आणि मागे खरे रस्ते. एवढी एक तुलना पुरे. ‘बर्थ मार्क्स’ रेंगाळतो, ‘ट्वाइस टू’ एकदा पाहून बाजूला ठेवण्यासारखा. ‘टोड इन अ होल’ आणि ‘हेल्पमेट्स’ मात्र पुन्हा पुन्हा बघावेत असे.

मागवण्याआधी डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते तपासा. भारत ब्लू-रेच्या ‘सी’ गटात येतो, अमेरिका ‘ए’ गटात. रीजन न जुळल्यास प्लेअर डिस्क घेणारच नाही. डाकखर्च आणि कस्टम्स धरून हिशोब करा. टीव्हीवर चित्र ४:३ मध्येच, म्हणजे जुन्या, चौकोनाजवळच्या आकारातच ठेवा. पडदा भरायला ताणलं तर हार्डी आणखी रुंद होतो आणि लॉरेलचा सडपातळपणा जातो. मोशन स्मूदिंग (टीव्हीने हालचाल सफाईदार करण्याची सोय) बंद करा, नाहीतर पडण्याचे झटकेच गुळगुळीत होतात. आवाज मोनो आहे, त्यामुळे सराउंड लावून काही मिळत नाही. कॉमेंट्री पहिल्या वेळी लावू नका. ती माहितीने ठासून भरलेली आहे आणि नेमकी झणझणाटावरच बोलते. ब्लू-रे प्लेअर नसेल तर हाच संच डीव्हीडीवरही निघालाय. मध्यम आकाराच्या टीव्हीला तो पुरतो, प्रोजेक्टर असेल तर ब्लू-रेच घ्या.