प्रॉमिस.ट्राय: सराफ्याच्या भावासाठी वापरण्यासारखं आहे का?

इंदूरच्या सराफ्यातल्या पेढीचं बिलिंग ॲप घ्या. त्यात 'भावआणा' नावाचं फंक्शन आहे. दर मॅपमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यात) असेल तर ते तिथल्या तिथे आकडा देतं, नसेल तर सर्व्हरकडे मागणी टाकून प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर येईल असं सांगणारी वस्तू, देतं, आणि दागिन्याचा कोडच चुकला असेल तर लगेच एरर फेकतं. वापरणाऱ्याला यातलं काय हाती येणार हे आधी कळत नाही. जावास्क्रिप्टच्या २०२५ च्या आवृत्तीत आलेलं प्रॉमिस.ट्राय नेमकं इथे उपयोगी पडतं. ते फंक्शन ताबडतोब चालवतं आणि आतून काहीही निघालं तरी बाहेर प्रॉमिसच देतं.

आकडा प्रॉमिसमध्ये गुंडाळणं सोपंच होतं, खरी अडचण एररची होती. बहुतेक कोडमध्ये प्रॉमिस.रिझॉल्व्हच्या कंसात 'भावआणा' बोलावलेलं दिसतं. कंसातलं आधी चालतं, त्यामुळे एरर फेकली गेली की रिझॉल्व्हची पाळीच येत नाही आणि पुढे लावलेला कॅच (एरर पकडणारा भाग) तसाच राहतो. चाचणीत सगळे कोड बरोबर असतात म्हणून हे दिसत नाही, गर्दीच्या वेळी काउंटरवर दिसतं. दुसरी पद्धत म्हणजे रिकाम्या रिझॉल्व्हला देन (उत्तर आल्यावर चालणारा भाग) लावून त्यात फंक्शन देणं. यात एरर पकडली जाते, पण फंक्शन चालू कोड संपल्यावर सुरू होतं. मधल्या ओळीत यादी बदलली तर त्याला बदललेली यादी मिळते. न्यू प्रॉमिसच्या आत रिझॉल्व्ह करणं मात्र बरोबर चालतं, फक्त लांबलचक दिसतं.

परत आलेली वस्तू प्रॉमिस आहे का हे इन्स्टन्सऑफने तपासण्याच्या फंदात पडू नका. दुसऱ्या आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) आलेलं प्रॉमिस त्यात नापास होतं. फंक्शन असिंक (नेहमी प्रॉमिस देणारं) आहे का हे नावावरून ओळखणंही फसवं, कारण साधं फंक्शनही प्रॉमिस परत देऊ शकतं.

वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली, कंसात फंक्शन देण्याऐवजी ते बोलावूनच देणं. मग जुनीच अडचण परत येते. आधी फंक्शनचं नाव, मग स्वल्पविराम, मग कोड असं लिहायचं. दुसरी, 'पेढी.भावआणा' अशी मेथड थेट देणं. तिथे धिस, म्हणजे मेथड कोणत्या वस्तूची हा संदर्भ, हरवतो, म्हणून ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.

असिंक फंक्शनच्या आत मात्र याची गरज नाही. ट्राय-कॅचमध्ये अवेट (उत्तराची वाट पाहणारा शब्द) लावून बोलावलं की तिन्ही वाटा सांभाळल्या जातात. फक्त परत देताना 'रिटर्न अवेट' लिहा. नुसत्या रिटर्नने प्रॉमिसमधली एरर त्या कॅचला चुकवून बाहेर पडते. प्रॉमिस.ट्रायची जागा आहे साध्या फंक्शनांत, आणि दुसऱ्याने दिलेला कॉलबॅक (नंतर बोलावण्यासाठी दिलेलं फंक्शन) चालवणाऱ्या लायब्ररीत.

दर मॅपमध्ये असला तरी देन नंतरच चालतो, हेही ध्यानात ठेवा. फॉर्म सबमिट होताना तो रोखणारं प्रिव्हेंटडिफॉल्ट अवेटच्या आधीच बोलवा, नंतर बोलावलं तर फॉर्म निघून गेलेला असतो. सॉर्टच्या तुलना-फंक्शनमध्ये तर प्रॉमिस चालतच नाही. शिवाय वजन-घडणावळीचा जड हिशेब ट्रायमध्ये टाकला म्हणून तो पार्श्वभूमीत जात नाही, स्क्रीन अडतेच. त्यासाठी वेब वर्कर, म्हणजे वेगळ्या धाग्यात चालणारा कोड, लागतो.

२०० दागिन्यांची यादी असेल तर यादीच्या मॅप मेथडमधून प्रत्येकाला ट्राय लावून ती सगळी प्रॉमिस.ऑलसेटल्डला द्या (ते यश-अपयश दोन्ही गोळा करतं), म्हणजे एका चुकीच्या कोडपायी अख्खं बिल अडणार नाही. फॉरईच थांबत नाही, ते इथे नको.

क्रोम १२८, फायरफॉक्स १३४, सफारी १८.२ आणि नोड २३ पासून हे मिळतं. काउंटरवरचा संगणक विंडोज ७ वर असेल तर तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. अशा ठिकाणी कोअर-जेएस लायब्ररीचा पॉलिफिल (नवी सोय जुन्या ब्राउझरला पुरवणारा कोड) टाका, किंवा न्यू प्रॉमिसची ती लांब ओळ एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा. काम तेच होतं.