कार्ब दुरुस्तीला दिला, परत आला तो दुसराच

पेट्रोल इंजिनाची मॉडेल विमानं उडवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ‘वॉलब्रो कंपनीचा कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पुरवणारा भाग) ओरिजिनल किट टाकून नवा करून देतो’ म्हणणारा एक जण सध्या इंदूर आणि आसपासच्या, मॉडेल विमानं उडवायच्या फील्डवर फिरतो आहे. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून नाव देत नाही. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायलाच हवी. सात-आठ किलोचं विमान आणि त्याचा फिरता पंखा जेव्हा माणसांच्या डोक्यावर असतो, तेव्हा कार्बमधली लबाडी ही नुसती पैशांची लबाडी राहत नाही.

माझं इंजिन ५५ सीसीचं, दोन-स्ट्रोक. त्यावर वॉलब्रोचा डब्ल्यूटी मालिकेतला कार्ब. पावसाळाभर विमान घरात टांगलेलं होतं. नवरात्राच्या सुमारास खाली काढलं, तर इंजिन सुरू व्हायचं, आयडल म्हणजे मंद चालही धरायचं, पण थ्रॉटल उघडला की गुदमरायचं. असं झालं की पहिला संशय डायफ्रॅमवर, म्हणजे कार्बमधल्या पातळ लवचिक पडद्यावर जातो. या कार्बमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो, कारण विमान उलटंसुद्धा उडतं. एका बाजूला पंपाचा डायफ्रॅम, तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा, म्हणजे पेट्रोल मोजून आत सोडणारा डायफ्रॅम, तो एका इवल्याशा तरफेवरून सुई उघडतो आणि मिटतो. दोन्ही मऊ असतील तरच खेळ चालतो. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. असं पेट्रोल कार्बमध्ये महिनोन्महिने राहिलं की डायफ्रॅम ताठर होतात आणि आतल्या बारीक जाळीवर साका बसतो.

किट, म्हणजे नव्या डायफ्रॅम-गॅस्केटचा संच, बदलणं हे काम अवघड नाही. अडचण किटचीच होती. सियागंजात विचारलं, झाडं कापायच्या करवती दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारलं (त्या यंत्रांवरही याच जातीचे कार्ब असतात), पण के१०-डब्ल्यूएटी किट काही हाती लागेना. फील्डवरच कुणीतरी या माणसाचं नाव सांगितलं. तो आला. मराठी, बोलायला गोड, “काका, आपल्याच माणसाचं काम आहे, बिनधास्त राहा” असं म्हणणारा. सीलबंद किटचं पाकीट त्याने माझ्या हातात दिलं, नंबर वाचू दिला आणि परत स्वतःच्या बॅगेत ठेवलं. साडेतीन हजार यूपीआयवर आगाऊ घेतले. कार्ब इथेच, माझ्यासमोर उघड म्हटलं, तर म्हणाला, “अल्ट्रासॉनिकमध्ये टाकावा लागतो, मशीन घरी आहे.”

कार्ब परत आला तो आरशासारखा चकचकीत. झाकणाच्या स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके. “सील केलाय, उघडलात तर गॅरंटी गेली,” असं बजावून त्याने स्वतः तो इंजिनावर चढवला, विमान सपाट धरून चालवून दाखवलं, मिश्रण कमीजास्त करायच्या बाहेरच्या सुया त्यानेच लावल्या. माझ्या मीटरिंगच्या झाकणावर मी पितळी नळी झाळून घेतलेली आहे. त्या झाकणाच्या छिद्रातून डायफ्रॅमला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो. काऊलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या आत उड्डाणात हा दाब बदलतो आणि मिश्रण बिघडतं, म्हणून नळी काढून ते छिद्र शांत जागी न्यायचं असतं. ती नळी जागच्या जागी होती. थ्रॉटलचा दांडाही माझाच. म्हणजे कार्ब माझाच, असं कुणीही म्हणेल. आणि त्याचा डाव नेमका यावरच उभा होता.

विमानाने टेकऑफ घेतला, नाक वर केलं आणि झाडांच्या उंचीवर इंजिन गप्प झालं. भाचा शेजारी उभा होता, तो ओरडला, “मामा, उजवीकडे माणसं आहेत!” उजवीकडच्या शेतात सोयाबीनची कापणी चालली होती, बायका ओणव्या होऊन कापत होत्या. त्यांना वर काय चाललंय ते कळणंही शक्य नव्हतं, कारण बंद इंजिनाचं विमान आवाज करत नाही. वेग जवळजवळ नव्हताच, तरी डावीकडे वळवलं आणि उभ्या पिकात उतरवलं. अंडरकॅरेज उखडलं, डाव्या पंखाची पुढची कड फुटली. माणसं वाचली. त्या संध्याकाळी मला धड जेवण गेलं नाही.

त्याला फोन केला, तर उत्तर तयारच होतं: “काका, पेट्रोल खराब. ई-ट्वेंटीने सगळ्यांचे कार्ब जातायत.” इथेनॉलचा त्रास खरा आहे, म्हणूनच ही सबब चालून जाते. पण नवा डायफ्रॅम एका टाकीत कडक होत नाही.

लाख खरवडून झाकण उघडलं. मीटरिंगचा डायफ्रॅम बोटांत धरला, तर पापडासारखा कडकडीत. जुनाच होता. झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारा पातळ थर, उजेडात तिरकं धरलं आणि सगळा उलगडा झाला. बॉडीची कड दाबून बसते तिचा ठसा गॅस्केटवर उमटतो. इथे ठसे दोन होते आणि एकमेकांवर बसत नव्हते. म्हणजे हे गॅस्केट आधी एका बॉडीवर होतं, आता दुसऱ्याच बॉडीवर आहे. मग बाजूला कोरलेला नंबर पाहिला. माझ्या जुन्या फोटोत तो स्पष्ट वाचता येतो. या बॉडीवर नंबरच नव्हता. माझी बॉडी त्याने ठेवून घेतली होती. माझं झाकण, माझा दांडा आणि माझेच म्हातारे डायफ्रॅम एका नकली बॉडीवर चढवून दिले होते. एच सुई, म्हणजे जास्त थ्रॉटलवरचं पेट्रोल ठरवणारी बाहेरची सुई, बहुतेक इंजिनांवर दीड फेरीच्या आसपास बसते, इथे त्याने ती अडीचच्याही पुढे उघडून ठेवली होती. पंपाचा डायफ्रॅम पुरेसं पेट्रोल ओढत नव्हता, ते झाकायला. सपाट जमिनीवर तेवढ्याने भागलं. नाक वर होताच टाकी कार्बच्या खाली गेली आणि पेट्रोल पोचेना. किटचं ते सीलबंद पाकीट अजून सीलबंदच असणार, पुढच्याला दाखवायला.

भोपाळच्या एकाशी बोललो. त्याच्या बाबतीतही हाच प्रकार, लाल लाखेसकट.

कुणालाही कार्ब देणार असाल तर आधी बॉडीवरच्या नंबराचा फोटो काढा आणि तो त्याच्याच फोनवर पाठवा. काढलेले जुने भाग परत हवेत, असं पैसे देण्याआधी सांगा. जो जुने डायफ्रॅम परत देत नाही, त्याने ते बदललेले नाहीत असंच समजा. चकाकीवर जाऊ नका, बॉडी आम्लात बुडवली की कुठलाही कार्ब चकाकतो. परत आल्यावर झाकण उघडाच, चार स्क्रूंचं काम आहे. पेट्रोल आत येतं त्या इनलेटला गेजवाला छोटा पंप लावून साधारण १० पीएसआय दाब द्या, काटा तिथेच थांबायला हवा. घसरला तर मीटरिंगची आतली सुई नीट बसत नाही. आणि इंजिन चालवून दाखवतो म्हणाला, तर विमान दोघांनी घट्ट धरून, पंख्याच्या मागे उभं राहून, नाक वर करून पूर्ण थ्रॉटलवर ऐका. आवाज चढून पातळ झाला किंवा इंजिन बसलं, तर ते विमान उडवू नका.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवली आणि ठाण्यात लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप केली तर ३१६. अर्जात दोन्ही लिहिली, सोबत यूपीआयची पावती आणि दोन्ही बॉडींचे फोटो जोडले. अर्जाची बातमी पोचताच त्याने दोन हजार परत पाठवले. कार्ब दिलेला नाही.

माझ्या बॉडीवर इनलेटच्या नळीशेजारी पान्याचा एक तिरका ओरखडा आहे. झाकण आणि थ्रॉटलचा दांडा नसलेली अशी डब्ल्यूटी बॉडी कुणी स्वस्तात विकायला आणली, तर पैसे देऊ नका. नंबराचा फोटो तेवढा मागून घ्या आणि मला पाठवा.