काबुकिझाचा चौथा मजला: ठाण्याच्या नाटकवेड्यांनी टोकियोत कुठे बसावं

गडकरी रंगायतनची तिसरी घंटा ज्यांच्या अंगात मुरली आहे, त्यांनी टोकियोतली एक दुपार किंवा संध्याकाळ काबुकिझासाठी राखून ठेवावी. टोकियोच्या गिंझा भागातलं हे काबुकीचं, म्हणजे जपानच्या पारंपरिक नृत्य-संगीत नाटकाचं, घर. तिथे अख्खा खेळ न पाहता एकाच अंकाचं तिकीट काढता येतं. जपानीत त्याला ‘हितोमाकुमि’ म्हणतात, म्हणजे एक पडदा बघणं. जागा चौथ्या मजल्यावर, दर अंकाच्या लांबीप्रमाणे साधारण 1000 ते 2000 येन. 100 येनचे 55 ते 60 रुपये धरले तर फार तर बाराशे रुपये. पूर्ण खेळाला तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या रांगेतही चार-पाच हजार येन पडतात आणि खाली पहिल्या वर्गात पंधरा हजारांच्या पुढे. जपानी न येणाऱ्या माणसाने चार तासांच्या खेळासाठी पहिल्याच फेरीत एवढे पैसे घालू नयेत.

एका अंकाच्या आरक्षित जागा आदल्या दिवशी जपानच्या दुपारी 12 ला इंटरनेटवर खुल्या होतात. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे निम्मं ठाणं फलाटावर उभं असतं. तुम्ही विमानात असाल तर हे काम घरच्या कुणावर सोपवता येतं, पण अडतं ते कार्डावर. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपण स्वतः चालू करेपर्यंत बहुधा बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते निघण्याआधीच चालू करून ठेवा. दुसरी अडचण ओटीपीची. जपानचं सिम घातलं आणि भारतातलं काढून पाकिटात ठेवलं, की ओटीपी येणार कुठे? आपलं सिम रोमिंगसह दुसऱ्या खाचेत राहू द्या. ऑनलाइन जागा हुकली तर थोड्या अनारक्षित जागा त्याच दिवशी खिडकीवर मिळतात. त्यासाठी रोख येन जवळ ठेवा आणि अंक सुरू होण्याच्या बऱ्याच आधी रांगेत लागा.

जायला हिगाशी-गिंझा स्टेशन. हिबिया आणि आसाकुसा या दोन्ही मेट्रो मार्गांवर ते आहे आणि तळघरातून वाट थेट नाट्यगृहाखाली निघते. हानेदा विमानतळावरून आसाकुसा मार्गाच्या थेट गाड्या येतात, साधारण अर्धा तास. एका अंकाच्या प्रेक्षकांचं दार मात्र वेगळं आहे. मोठ्या कमानीसमोर उभं राहिलं की ते डाव्या हाताला, आणि आत गेलं की लिफ्टने थेट चौथा मजला. या तिकिटावर खालच्या मजल्यांवर फिरता येत नाही. पुष्कळ जण मुख्य दारात जाऊन तिकीट दाखवतात आणि हात हलवत परत येतात.

इमारतीविषयी थोडं. नाट्यगृह मूळचं 1889 चं. त्यानंतर आग, भूकंप आणि 1945 चा बॉम्बहल्ला यांतून ते पुन्हा पुन्हा उभं राहिलं. आजची पाचवी इमारत 2013 मध्ये खुली झाली. वास्तुकार केंगो कुमा यांनी जुना दर्शनी भाग होता तसाच पुन्हा उभारून मागे 29 मजली मनोरा चढवला. रस्त्यावरून पाहताना देवळाच्या पाठीशी मंत्रालय उभं केल्यासारखं वाटतं. पाचव्या मजल्यावर छतावरची छोटी बाग आहे, अंक सुरू व्हायला वेळ असेल तर तिथे बसावं.

आता चौथ्या मजल्यावरून काय दिसतं ते. रंगमंच रुंद आहे आणि वरून त्याची मांडणी नकाशासारखी कळते. प्रेक्षागाराच्या डाव्या बाजूने एक लांब पूल प्रेक्षकांमधून मागे जातो, तो ‘हानामिचि’. नायक त्यावरून येतो, मंचाच्या अलीकडे ठरलेल्या जागी थांबतो आणि नजर रोखून पवित्रा घेतो. त्या जागेचं नाव ‘शिचि-सान’, म्हणजे सात-तीन: मागच्या पडद्यापासून सात भाग, मंचापासून तीन. चौथ्या मजल्यावरून या पुलाचा मागचा बराचसा भाग दिसत नाही. खालचे प्रेक्षक माना वळवू लागले की आपण समजायचं, कोणीतरी येतंय. हा या स्वस्त तिकिटाचा खरा तोटा.

उजव्या कोपऱ्यात मंचाच्या कडेला काळ्या कपड्यातला एक माणूस गुडघ्यांवर बसलेला दिसेल. दोन हातांत दोन लाकडी ठोकळे, समोर जमिनीवर फळी. नट पाऊल आपटतो, मान फिरवतो, डोळे तिरळे करून थबकतो, आणि त्याच क्षणी हा माणूस फळीवर ताड-ताड वाजवतो. थबकण्याच्या त्या मुद्रेला ‘मिए’ म्हणतात. तमाशातल्या ढोलकीवाल्याची नजर जशी नाचणारणीच्या पायावर असते, तशीच याची नटाच्या खांद्यावर. पूर्ण अंकात भाषेचा एक शब्द कळला नाही तरी या दोघांमधली बोली कळते. डावीकडे काळ्या गजांच्या खिडकीआड वादक बसतात. ते दिसत नाहीत, पण पाऊस, बर्फ, वारा सगळं तिथूनच येतं. बर्फासाठी मोठ्या ढोलावर मऊ टिपरीने हलकेच दम-दम वाजवतात. बर्फाला आवाज नसतो, तरी ते ऐकताना बर्फ पडतोय हे पटतं.

स्त्रीभूमिका पुरुषच करतात. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. उलट मान कशी झुकते, बाही कशी सावरली जाते, याकडे आपलं लक्ष आपसूक जातं. फिरता रंगमंचही इथे जुनाच. 1758 मध्ये ओसाकात नामिकी शोझो या नाटककाराने तो वापरात आणला. मध्येच वरच्या मजल्यांवरून कोणीतरी ‘नारिताया!’ किंवा ‘ओतोवाया!’ असं ओरडतं. ती नटांच्या घराण्यांची नावं आहेत, आपल्याकडच्या ‘क्या बात है’ सारखी दाद. ती क्षण नेमका ओळखणाऱ्या मुरलेल्या रसिकांचीच असते, पाहुण्यांनी टाळ्यांवर भागवावं.

अंक निवडताना चूक होते ती इथे. कार्यक्रम महिन्यागणिक बदलतो, आणि एका दिवसात तीन-चार वेगळे अंक येतात. एखादा वीस मिनिटांचा नाच, तर एखादा दीड तासाचा ऐतिहासिक. पहिल्यांदा जाताना नृत्याचा अंक किंवा भडक रंगांच्या चेहऱ्यांचा वीरश्रीचा अंक घ्या. बसून बोलत राहणारे सरदार-दरबारी अंक टाळा, इंग्रजी मजकुराचं यंत्र भाड्याने घेतलं तरी ते जड जातात. सकाळचा खेळ बहुधा 11 ला सुरू होतो. घंटेनंतर पाच मिनिटांनी आत शिरायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि चालू खेळात मोबाइल बाहेर काढला तर कर्मचारी वाकून, पण ताबडतोब येतात.

खाण्याचं काय? खालच्या प्रेक्षकांना मध्यंतरात जागेवरच डबा उघडून खाता येतो, आणि तो सोहळा बघण्यासारखा असतो. तळघरातल्या बाजारात तसे डबे मिळतात. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत आहे. भाजी दिसते खरी, पण तिचं पाणी बहुतेक वेळा माशाच्या सारातलं असतं. दशम्या, खाकरे, लोणच्याची पुडी बॅगेत असू द्या. गडकरीतला बटाटावडा इथे आठवणारच.

दुसरी शिफारस टोकियोच्याच शिंजुकू भागातलं सुएहिरोतेइ. हे राकुगोचं लाकडी नाट्यगृह 1946 चं आहे. दोन्ही कडांना चटईची बैठक, मध्ये खुर्च्या. चटईवर जायचं तर जोडे काढायचे, म्हणजे भोक नसलेले मोजे घालून जा. राकुगो म्हणजे एका गादीवर बसून सांगायची विनोदी गोष्ट. सांगणाऱ्याकडे फक्त पंखा आणि हातरुमाल. कीर्तनकार उभा राहून पल्लेदार आवाजाने सभा बांधतो, हा बसल्या जागी मान डावी-उजवीकडे वळवून दोन पात्रं करतो. मिटलेला पंखा जेवणाच्या काड्या झाला की तो वाडग्यातल्या शेवया सुर्रकन ओढतो आणि भूक लागते. तिकीट तीन हजार येनच्या आसपास, कार्यक्रम दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन, प्रत्येकी साडेतीन-चार तासांचे. इंग्रजी मजकूर नाही, हा मोठाच अडसर. पण गोष्टींच्या मध्ये कागद कापणारे, छत्रीवर चेंडू फिरवणारे कलाकार येतात, त्यांना भाषा लागत नाही. कागद कापणारा प्रेक्षकांकडून विषय मागतो आणि बोलत-डोलत कात्री न थांबवता चित्र काढून देतो. मुख्य कलाकार शेवटी येतो, म्हणून दीड-दोन तासांचाच वेळ असेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात जा. कलाकारांचा संच दर दहा दिवसांनी बदलतो.

जानेवारी, मे किंवा सप्टेंबरमध्ये जात असाल तर र्‍योगोकु कोकुगिकानमधली सुमो स्पर्धा. मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात असते, त्यामुळे महिना चुकवला तर टोकियोत ती नाहीच. स्पर्धा 15 दिवस चालते. तिकिटं साधारण महिनाभर आधी जपानच्या सकाळी 10 ला, म्हणजे आपल्या साडेसहाला, विक्रीला येतात आणि शनिवार-रविवारची लगेच संपतात. मधल्या वाराची घ्या. खालच्या चौकोनी खणात चार माणसं मांडी घालून बसतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी आणि उंच मुलांच्या कुटुंबांनी वरच्या मजल्याची खुर्ची घ्यावी. सकाळपासून शिकाऊ मल्ल लढत असतात तेव्हा सभागृह अर्धं रिकामं असतं. खरी गर्दी दुपारी तीननंतर, वरच्या वर्गातल्या मल्लांच्या प्रवेशापासून. संध्याकाळी 6 ला सगळं आटोपतं. रिंगण फक्त 4.55 मीटरचं, बरेचसे डाव काही सेकंदांत निकालात निघतात. आपल्या मातीतली कुस्ती पाहिलेल्यांना आधीची मिठाची उधळण आणि रोखून बघणं लांबलचक वाटेल, पण मजा तिथेच आहे. इमारतीच्या तळघरात भाजलेल्या कोंबडीच्या काडी-कबाबची पाकिटं प्रसिद्ध आहेत, मांसाहारी असाल तर चुकवू नका.

व्हिडिओ गेमच्या खेळघरांबद्दल थोडक्यात. आकिहाबारा आणि शिंजुकूत मजलेच्या मजले यंत्रं आहेत, बहुतेक 100 येनच्या नाण्यावर चालतात. बाहुली उचलायच्या यंत्राचा पंजा मुद्दाम सैल असतो, थेट उचलायला गेलात तर नाणी जातात. बक्षिसाच्या खोक्याची एक कड ढकलून ते दोन दांड्यांवर हळूहळू तिरकं करायचं. अडकलं तर कर्मचाऱ्याला खूण करा, ते यंत्र उघडून वस्तू नीट ठेवून देतात. टोकियोत 16 वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी 6 नंतर एकट्याने आत सोडत नाहीत, पालक सोबत असतील तर रात्री 10 पर्यंत.

कराओकेच्या खोल्या दर अर्ध्या तासाने आणि दर माणशी आकारतात. त्यावर एक पेय घ्यावंच लागतं, आणि रात्रीचा नि शनिवार-रविवारचा दर दुपारच्या मानाने बराच चढतो. दुपारी जा. पाचिंको, म्हणजे यंत्रावरचा पोलादी गोळ्यांचा जुगारी खेळ, 18 वर्षांखालच्यांना बंद आहे. आवाज सहन होत असेल तर दाराशी पाच मिनिटं उभं राहून बघण्यापुरतं ठीक.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि त्यानंतर टॅक्सीचा दर खिसा रिकामा करतो, म्हणून परतीच्या वेळा आधीच बघून ठेवा. रात्री शिंजुकूच्या काबुकिचो भागात फिरणार असाल तर रस्त्यावर गोड बोलून ‘इकडे या, स्वस्त आहे’ म्हणणाऱ्या कोणाच्याही मागे जाऊ नका. आत बसायचे, बर्फाचे, सोबतीचे असे वेगवेगळे आकडे लावून बिल फुगवण्याचा तो जुना उद्योग आहे. छोट्या बारमध्ये शिरायचंच असेल तर नुसतं बसण्याचे पैसे किती, हे दाराबाहेर लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर उंबऱ्यावर उभं राहूनच विचारा.